काक्टोविकच्या मुलांचे अंक

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगत काक्टोविक हे इनुपिआत लोकांचं गाव आहे. त्यांच्या भाषेत मोजणी विसांची, हातापायांची सगळी बोटं धरून. शाळेतले अंक मात्र दहाचे. १९९४च्या सुमारास तिथल्या शाळकरी मुलांनी गणिताच्या तासाला, शिक्षकांच्या साथीनं, विसांच्या मोजणीसाठी स्वतःचे अंक घडवले. खालची प्रत्येक रेघ एकाची, वरची पाचाची. शून्य म्हणजे एकमेकांवर घेतलेले दोन हात, कारण मोजायला काहीच नाही! किती नेमकं सुचलं मुलांना! या अंकांत बेरीज डोळ्यांना दिसते, काही भागाकारसुद्धा. मुलांनी आपल्याच भाषेतून गणित उभं केलं, हे मला फार मोलाचं वाटतं. २०२२मध्ये युनिकोडनं, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाण यादीनं, हे अंक स्वीकारले, त्यामुळे संगणकावरही त्यांना जागा मिळाली.