मोजपट्टी कोणाची? : पोहणारे देह आणि संदर्भमापांची निवड



काशीच्या दशाश्वमेध घाटावर उभे राहिले की समोर एकच गंगा दिसते. परंतु तिच्यात पोहणाऱ्या प्रत्येक देहाला पाण्याचा अनुभव वेगळा असतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने हा विषय का घ्यावा? कारण निर्देशांकासाठी आधारवर्ष ठरविणे आणि प्रवाहाच्या संगणकीय प्रतिरूपणासाठी संदर्भमापे ठरविणे, ही एकाच जातीची कामे आहेत.

अशा प्रतिरूपणात लांबी, वेग व काल ही निवडलेल्या मापांच्या पटीत मांडतात. लांबी व वेग यांच्या गुणाकाराला पाण्याच्या विष्यंदितेने, म्हणजे चिकटपणाच्या मापाने भागले की रेनॉल्ड्स अंक मिळतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये नळीतील प्रवाहाच्या प्रयोगांतून त्याचे महत्त्व दाखविले. दोन मीटर लांबीचा डॉल्फिन सेकंदाला एक मीटर वेगाने पोहत असेल, तर हा अंक सुमारे २० लाख येतो; तेथे जडत्वाचे राज्य असते. पाच मिलिमीटरचे मत्स्यबीज सेकंदाला दोन सेंटिमीटर सरकले, तर तो सुमारे १०० भरतो. ई. कोलाय जिवाणूसाठी मात्र तो ०.००००५ इतका अल्प असतो. तेथे सत्ता चिकटपणाची. जिवाणूच्या गणितात दाबासाठी डॉल्फिनप्रमाणे घनता व वेगाचा वर्ग हे माप घेतले, तर उत्तराचे आकडे सुमारे वीस हजार पटींनी फुगतात.

दुसरी सावधगिरी अशी. देह आपल्याच बळावर पोहतो तेव्हा त्याचा वेग हे गणिताचे उत्तर असते. तेच आधी गृहीत धरून कसे चालेल? म्हणून ज्ञात गोष्टींवरून, म्हणजे देहाची लांबी व शेपटीच्या एका फटकाऱ्याचा काल यांवरून संदर्भवेग ठरविणे योग्य.

याचा विकासाशी थेट संबंध आहे. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ काशीवरूनच जातो. गंगेतील डॉल्फिन हा २००९ पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात ६,३२७ नदी-डॉल्फिन आहेत. समजा, शंभर मीटरच्या जहाजाची लांबी संदर्भ मानून तिच्या शंभराव्या भागाची जाळी आखली. एक घर एक मीटरचे झाले आणि डॉल्फिन जेमतेम दोन घरांत मावला. त्याच्या शेपटीभोवतीचे भोवरे गणितातून नाहीसे होतील आणि 'परिणाम नगण्य' असा निष्कर्ष निघेल. राष्ट्रीय सरासरीत एखादा दुष्काळी तालुका असाच दिसेनासा होतो.

तेव्हा मित्रहो, परीक्षेत किंवा पुढे प्रशासनात कोणताही आकडा समोर आला, तर प्रथम विचारा : हे माप कोणाचे, आणि ते कोणत्या प्रश्नासाठी निवडले? माप निवडणे ही केवळ तांत्रिक बाब नाही. कोणाची दखल घ्यायची आणि कोणाची नाही, हेही त्यातच ठरत असते.