वरून काढलेला पंचनामा
(तेर येथील बैठकीत केलेल्या मांडणीचा मजकूर)



तलाठी शिवारात आला की सगळ्या गावाला कळतं. त्याला बांधावर उभं करता येतं, करपलेलं पीक दाखवता येतं, पटलं नाही तर दोन शब्द भांडताही येतं. पण आपल्या शिवाराची पाहणी करणारा आणखी एक जण आहे. दर पाच दिवसांनी तो येतो, पावणेआठशे किलोमीटरच्या पुढच्या उंचीवरून फोटो घेतो आणि निघून जातो. त्याला आपण पाहिलेलं नाही, त्यानं काय लिहून नेलं ते आपल्याला वाचता येत नाही. आणि दुष्काळ आहे की नाही, पीक बुडालं की तरलं, हे ठरवताना त्याची साक्ष आता धरली जाते. आज बोलायचं आहे ते या साक्षीदाराबद्दल.

हे आपल्या पोटाशी कसं येतं ते आधी पाहू. २०१६ साली केंद्र सरकारनं दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली. पूर्वी आणेवारीवर सगळं चालायचं. आता आधी पाऊस पाहतात. तो कमी भरला तर पेरणीचं क्षेत्र, जमिनीतली ओल, धरण-विहिरीतलं पाणी आणि उपग्रहावरून दिसणारा पिकांचा हिरवेपणा, अशा चार बाजूंनी तपासतात. त्यानंतर तालुक्यातल्या दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. २०२३ साली पाऊस हटला आणि ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. आपल्या जिल्ह्यातले धाराशिव, लोहारा आणि वाशी हे तीन तालुके त्यात आले. कळंब, भूम, परंडा, तुळजापूर, उमरगा हे पाच राहिले. शिवेच्या अलीकडे दुष्काळ आणि पलीकडे नाही, असा पाऊस पडला तरी कसा? ओरड झाली, मग नोव्हेंबरात राज्यातल्या १०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. तालुक्याची सरासरी मोडून मंडळापर्यंत हिशेब आला तेव्हा कुठे राहिलेल्यांची दखल घेतली गेली.

पीक विम्याचंही तेच. २०२३ पासून केंद्रानं भात आणि गहू या पिकांच्या उत्पन्नाच्या अंदाजात किमान ३० टक्के वजन तांत्रिक आकड्याला, म्हणजे उपग्रहाच्या मदतीनं काढलेल्या आकड्याला द्यायचं ठरवलं. महाराष्ट्रात कापूसही या मापाखाली आला. तेव्हा हे माप कसं घेतात ते कापूसवाल्यानं शिकायला नको का?

विद्या दिसते तेवढी अवघड नाही. हिरवं पान सूर्याच्या उजेडातला तांबडा रंग गिळतं आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परत फेकतं. उपग्रह हे दोन्ही मोजतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेनं भागायचं. समजा, भरल्या पिकातून अवरक्त ४० आणि तांबडा १० परत आला. वजाबाकी ३०, बेरीज ५०, उत्तर ०.६. करपल्या रानातून २५ आणि २० आला, तर ५ भागिले ४५, उत्तर ०.११. झाला हिरवेपणाचा निर्देशांक. बाजारात आडत्यानं कापलेली हमाली-तोलाई आपण तोंडी मोजतो, त्याहून हे गणित अवघड नाही.

आता हा फोटो किती बारीक असतो? फोटो ठिपक्यांचा असतो आणि एका ठिपक्याच्या आतलं वेगळं दिसत नाही. १९८८ साली भारतानं आयआरएस-१ए हा उपग्रह सोडला, त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबाहत्तर मीटरचा होता. म्हणजे एका ठिपक्यात सव्वा एकराच्या वर रान. आज युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा आहे. १० गुणिले १० म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ एक गुंठा. एकराला चाळीस ठिपके. हे फोटो कुणालाही फुकट मिळतात. पण रोज मिळणारे मोठ्या ठिपक्याचेही फोटो असतात. मोडिसचा ठिपका २५० मीटरचा, पंधरा एकरांचा. पंधरा एकरांत पाच जणांची वावरं, एक ओढा आणि दोन बांध येतात. म्हणून निर्देशांक सांगणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा: तुमचा ठिपका किती गुंठ्यांचा?

आम्ही पाच-सहा जणांनी हे शिकायचं ठरवलं. एकाच्या मुलाचा लॅपटॉप घेतला. क्यूजीआयएस नावाचं नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते त्यावर टाकलं. गाव नकाशा त्यात बसवला, गटांच्या हद्दी आखल्या, वर उपग्रहाचा फोटो पसरला. पहिल्यांदा आपला गट नंबर पडद्यावर दिसला तेव्हा आम्हाला मोठा हुरूप आला. आणि पहिलीच चूक झाली. तेरणेच्या काठानं हिरवागार पट्टा दिसला. आम्ही तो पीक म्हणून रंगवला आणि एकरांची बेरीजही करून ठेवली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतो तर ती सगळी वेडी बाभूळ! आम्ही याच मातीतले असून फसलो. मग दूर कुठेतरी बसून हाच नकाशा रंगवणारा फसणार नाही, याची हमी काय?

तेव्हापासून आम्ही फोटोच्या खोडी लिहून ठेवायला लागलो. त्यातल्या चार सांगतो.

पहिली, ढग. ऐन खरिपात आभाळ भरलेलं असतं आणि साध्या कॅमेऱ्याला ढगाखालचं दिसत नाही. रडारचे उपग्रह ढगातून पाहतात. शेतात साचलेलं पाणी त्यांना ओळखता येतं, पण हिरवेपणा त्यांना मोजता येत नाही. रब्बीत मात्र आभाळ निरभ्र असतं. आपली ज्वारी पौष-माघात जितकी स्वच्छ दिसते तितकं खरिपाचं एकही पीक दिसत नाही. शिकायचं असेल तर ज्वारीपासून सुरुवात करा.

दुसरी, मिश्र पीक. कापसात तुरीचं तास असतं. कापूस वाळला आणि तूर हिरवी राहिली तर ठिपका हिरवाच दिसतो.

तिसरी सगळ्यात मोठी. उपग्रह पान पाहतो, दाणा पाहत नाही. ज्वारी डोक्याएवढी वाढली पण कणसात दाणा भरला नाही, तरी वरून ती हिरवीच. कापसाची पाती-बोंडं पावसानं गळाली, राहिलेली बोंडअळीनं पोखरली, तरी झाड हिरवंच. गळाल्यावर उलट नवा पाला फुटतो. कास्तकार बुडालेला असतो आणि निर्देशांक म्हणतो, पीक जोमात आहे.

चौथी, पाणी. विहिरीचं पाणी कोणत्याही फोटोत दिसत नाही. आपला खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी मुरमाच्या थरात आणि भेगांत राहतं. ते कुठे असेल याचा नकाशावरून अंदाज बांधता येतो, पण खात्री विहिरीत दोर सोडल्यावरच होते.

मग ही विद्या खोटी का? नाही. आपण गोरोबाकाकांच्या गावात बसलो आहोत. काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, कुणाचं मडकं पक्कं आणि कुणाचं कच्चं ते सांगितलं, ही कथा तेरच्या लेकरालाही ठाऊक आहे. मडकं दिसायला सारखंच असतं, थापटल्यावरच आवाज कळतो. उपग्रहाचा फोटो हे असंच मडकं आहे. रानात जाऊन ते थापटायचं काम आपलं.

या विद्येचा चांगला उपयोगही आपल्याच भागात झालेला आहे. पोकरा योजना २०१८ पासून मराठवाडा-विदर्भाच्या कोरडवाहू जिल्ह्यांत राबवली गेली, आपला जिल्हाही त्यात होता. मुंबईच्या आयआयटीनं तिच्यासाठी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत याच क्यूजीआयएसमध्ये बसवली. नागपूरला १९८८ पासून महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग अॅप्लिकेशन सेंटर आहे. तिथले माती, उतार, पिकांचे नकाशे घ्यायचे, पाऊस घालायचा, आणि वाहून किती गेलं, मुरलं किती, पिकाला कमी किती पडलं ते काढायचं. हिशेब कसा असतो पाहा. हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. हजार हेक्टरांच्या शिवारात ७०० मिलिमीटर पडला तर ७०० कोटी लिटर. एवढं आभाळानं देऊनही उन्हाळ्यात टँकर लागतो, तर मधलं पाणी गेलं कुठे? हे ज्या गावाला आकड्यांत विचारता येतं त्याला बांध कुठे घालायचा ते ठेकेदाराला विचारावं लागत नाही.

तेरची एक जुनी गोष्ट सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव तगर नावानं प्रसिद्ध होतं. पेरिप्लस या ग्रीक ग्रंथात लिहिलं आहे की इथलं सुती कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जायचं. पुढे नाव राहिलं आणि जागा हरवली. तगर म्हणजे नेमकं कोणतं गाव, यावर विद्वान वाद घालत राहिले. १९०१ साली फ्लीट यांनी ते तेरच असल्याचं मांडलं. आपल्या कापडानं भरलेल्या गाड्यांची नोंद परक्यानं ठेवली, आपण ठेवली नाही. आज परका उपग्रह आपल्या शिवाराची नोंद ठेवतो आहे. पुन्हा तेच होऊ द्यायचं का?

नकाशे एके काळी सरकारच्या कुलपात असत. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशे करण्यावरची बरीच बंधनं उठवली. कुलूप निघालं आहे, दार मात्र आपणच ढकलायचं आहे.

म्हणून प्रत्येक गावासाठी तीन कामं सुचवतो. एक, बारावी झालेला मुलगा आणि मुलगी, दोघांनी क्यूजीआयएस शिकावं. शिकवायला आम्ही येऊ, लॅपटॉप गावानं बघावा. दोन, पेरणीपासून काढणीपर्यंत दर पंधरवड्याला ठरलेल्या दहा गटांत जाऊन पिकाचा फोटो काढावा. मोबाईलमध्ये जागा आणि तारीख उमटेल असा. पाती किती, बोंडं किती, कणसात दाणा किती, हे वहीत लिहावं. या कामात बायका पुढे हव्यात, कारण वेचणीला किती कापूस निघाला ते त्यांच्या ओट्यालाच ठाऊक असतं. तीन, पाहणीसाठी किंवा कापणी प्रयोगासाठी माणूस आला की ही वही आणि नकाशा त्याच्यापुढे ठेवून पोच घ्यावी.

आजवर आपण मोर्चा काढला की साहेब म्हणायचे, भावना समजल्या, पण आकडे कुठे आहेत? पुढच्या वेळी आकडे आपल्या हातात असतील, गट नंबरासकट, तारखेसकट. वरचा म्हणेल हिरवं आहे, आपण म्हणू दाणा नाही, आणि त्याचा पुरावा टेबलावर ठेवू. येत्या रब्बीच्या ज्वारीपासून सुरुवात करायची. कोणत्या गावातून कोण दोघं शिकणार, त्यांची नावं आज उठण्याआधी लिहून द्या.