शिवीची किंमत किती?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून हिशेबापासून सुरुवात करतो.

माझ्या मामेबहिणीने मुलींना शिकायला बाहेरगावी पाठवण्याबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. रात्रीपर्यंत शिव्यांचा खच पडला. काही अनोळखी लोक धर्मावरून बोलत होते, तर काही आपल्याच मोहल्ल्यातले तिला ‘हद्दीत राहा’ म्हणून बजावत होते. माझा एक मित्र म्हणाला, “प्रत्येक मेसेजला पैसे लावा. फुकट आहे म्हणून हे चालतं.”

ही कल्पना जुनी आहे. १९९२ साली सिंथिया ड्वॉर्क आणि मोनी नाओर यांनी सुचवलं की, ईमेल पाठवण्याआधी पाठवणाऱ्याच्या संगणकाला एक गणित सोडवायला लावावं. एका ईमेलसाठी थोडा वेळ गेला तर कुणाचं अडत नाही, पण लाखो पाठवणाऱ्याचा धंदा बसतो. आपल्याकडे ट्रायने २०१२ मध्ये दिवसाला १०० च्या वरच्या एसएमएसला किमान ५० पैसे दर लावला, तोही जाहिरातींचा मारा थांबवण्यासाठी.

आता हिशेब करा. दहा लाख जाहिराती पाठवणाऱ्याला या दराने पाच लाख रुपये लागतील. तो दहादा विचार करेल. पण एका मुलीला दहा शिव्या देणाऱ्याला लागतील पाच रुपये, म्हणजे कटिंग चहापेक्षाही कमी. जाहिरातवाल्याला नफा हवा असतो, द्वेष करणाऱ्याला नको असतो. तो पदरचे पैसे घालेल. आणि संघटितपणे शिव्या देणाऱ्या टोळ्यांना पैशांची चणचण नसते.

चणचण असते ती माझ्या बहिणीला. तिचा रिचार्ज भाऊ करतो. मेसेजला पैसे लागले तर शिव्या देणारे बोलत राहतील आणि तीच गप्प होईल.

मग उपाय काय? जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. २०२० मध्ये खूप फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आणली. असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले, असं कंपनीने सांगितलं. कुणाकडून एक पैसाही घेतला नाही. फक्त वेग कमी केला. ट्रायनेही २०२० मध्ये ५० पैशांचा दर काढून टाकला, कारण तोवर व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्यांची नोंदणी करण्याचे नियम आले होते.

म्हणजे अफवेला वेगमर्यादा लागते आणि शिवी देणाऱ्याला ओळख. मोहल्ल्यातल्या त्या दोन मुलांच्या घरी मी आणि मामू गेलो. त्यांच्या अम्मीला मेसेज वाचून दाखवले. मुलांनी ते पुसले, माफीही मागितली. अनोळखी लोकांची मात्र तक्रारच करावी लागली. बहीण आजही लिहिते.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या ॲप बनवतील. २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावाला’ लावणाऱ्या ‘बुल्ली बाई’ प्रकरणात मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता. आपल्यासारखंच शिकलेला. त्यामुळे ॲप बनवताना स्वतःला एक प्रश्न विचारा: यात शिवी देणं सोपं आहे, की ती थांबवणं?