काठी हाताला बसली पाहिजे

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या पटांगणात झालेल्या ज्येष्ठ सभासदांच्या कार्यक्रमातील भाषण)



सचिव साहेब मला म्हणाले, "काका, आपल्या सोसायटीत गोल्फ खेळलेले तुम्ही एकटेच. त्याच्यावर दहा मिनिटं बोला." मी म्हटलं, नायगावात गोल्फ? इथली काळी माती पावसाळ्यात चप्पल सोडत नाही, आणि उन्हाळ्यात भेगेत गेलेला चेंडू मृगाच्या पावसापर्यंत सापडायचा नाही. पण ते ऐकेनात. तर ऐका.

सेवानिवृत्तीनंतर आम्ही दोघं चार वर्षं मुलाकडे पुण्याला होतो. मुलाचे एक वरिष्ठ येरवड्याच्या पूना गोल्फ क्लबचे सभासद होते. त्यांच्यासोबत पाहुणा म्हणून जाऊ लागलो आणि वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मला हा नाद लागला. हा खेळ साहेब लोकांचाच, असं आपण समजतो. पण १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे दिल्लीला कॅडी म्हणून काम करता करता शिकले. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांची पिशवी वाहणारा. आणि आपला उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला खेळला.

पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या ठेवता येतात, असा नियम आहे. त्यातल्या दोन-चार आखूड, जड काठ्यांना वेज म्हणतात. चेंडू खड्ड्याच्या जवळ आला की तो वर उडवून अलगद पाडायचा, किंवा वाळूतून बाहेर काढायचा, हे त्यांचं काम. त्यांचं पातं जितकं जास्त कललेलं, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंशांची, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५८ आणि सगळ्यात कललेली लॉब वेज ६० च्या आसपास.

आता माझी फजिती. ते वरिष्ठ साठ अंशांच्या काठीनं चेंडू असा उडवायचे की तो झेंड्याजवळ पडून जागीच थांबायचा. मी दुकानात गेलो आणि तसलीच चकचकीत, महागडी काठी घेऊन आलो. सहा महिने रोज तेच. एकदा काठी चेंडूच्या मागं मातीत रुतायची, पुढच्या वेळी चेंडूच्या डोक्यावर बसून तो पलीकडच्या झाडीत पाठवायची. मनगट सुजलं. सौ. म्हणाल्या, "पेन्शन मातीत घालताय."

तिथं एक वयस्कर कॅडी होते. एके दिवशी त्यांनी मी उकरलेला गवताचा ढेकूळ उचलून दाखवला. भाकरीएवढा जाड! म्हणाले, "साहेब, काठी चांगली आहे, पण ती तुमची नाही. तुम्ही कुदळ मारता." खरंच होतं. पोरपणी रानात कुदळच मारली होती मी. माझा हात वरून सरळ खाली येतो.

मग त्यांनी समजावलं. वेजच्या तळाला एक कोन असतो, त्याला बाउन्स म्हणतात. तळाचा मागचा भाग पुढच्या धारेपेक्षा जितका खाली, तितका बाउन्स जास्त, आणि तितकी काठी मातीत न रुतता सरकून पुढं जाते. माझ्या काठीचा बाउन्स होता फक्त ४ अंश. वरून घाव घालणाऱ्याला १० किंवा त्याच्या वर पाहिजे आणि तळही रुंद पाहिजे. जो नुसतं गवत झाडल्यासारखा मारतो, त्याला कमी चालतो. जमीन भुसभुशीत किंवा वाळू असेल तर जास्त घ्यावा, कडक असेल तर कमी.

आपल्याकडं वखराची पास सुतार अशीच बसवतो की नाही? जास्त कलली तर जमिनीत शिरते आणि बैल घामाघूम होतात. कमी कलली तर वरवर जाते, तण तसंच राहतं. रान कसं, बैल कसे, हे विचारूनच सुतार पाचर ठोकतो. जीन सॅराझेन नावाच्या अमेरिकी खेळाडूनं काठीच्या तळाला धातू चढवून तो जाड केला, वाळूतून सहज निघणारी काठी बनवली आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. आपल्या सुतारानं त्याला नक्की चहा पाजला असता.

शेवटी साठची काठी मी ठेवून दिली. पिचिंग ४६ ची होती, म्हणून पुढच्या ५१ आणि ५६ अशा दोन घेतल्या. दोन काठ्यांमध्ये चार ते सहा अंशांचं अंतर असलं की मधला पल्ला मोकळा राहत नाही. घेण्याआधी तीन-चार काठ्यांनी प्रत्येकी वीस-वीस चेंडू मारून पाहिले. वजन हाताला कसं लागतं, चेंडूला लागताना आवाज कसा येतो, दहाव्या फटक्यानंतर मनगट दुखतं का, हे पाहिलं. किमतीची चिठ्ठी सगळ्यात शेवटी पाहिली.

आता जे सांगायला उभा राहिलो ते सांगतो. ऐंशीच्या दशकात मी याच भागातल्या एका शाखेत कर्जाचं काम बघत होतो. एक शेतकरी ट्रॅक्टरसाठी आला. शेजाऱ्यानं मोठा घेतला होता, यालाही तसाच पाहिजे होता. जमीन सहा एकर, तीही तीन तुकड्यांत. सातबारा, जामीनदार, सगळे कागद चोख. मी सही केली. "तुमच्या रानात याला वर्षातून किती दिवस काम आहे?" एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. तिसऱ्या वर्षी हप्ते थांबले, ट्रॅक्टर गेला आणि उरलेलं फेडायला त्यानं दोन एकर विकले. पुढं एकदा आठवडी बाजारात भेटला. रागावला नाही, उलट चहा पाजला. तो चहा मला अजून गिळत नाही. माझा कागद बरोबर होता, पण माणूस मी पाहिलाच नव्हता. हे मला त्या कॅडीनं ढेकूळ दाखवल्यावर कळलं. फार उशिरा.

म्हणून दोन विनंत्या. लेकरांना बॅट घेताना "पुढच्या वर्षीही चालेल" म्हणून मोठी घेऊ नका. जड बॅटनं पोरगं आडवाच फटका शिकतं. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, आधाराची काठी दुसऱ्याची वापरू नका. चप्पल घालून सरळ उभं राहा, हात मोकळा सोडा. काठीची मूठ मनगटाच्या घडीपर्यंत यायला पाहिजे. उंच असेल तर खालून कापून घ्या आणि रबरी टोपण परत बसवा. काम दहा मिनिटांचं आहे, पण पडलात तर खुब्याचं हाड महिनोन्‌महिने भोगायला लावतं.

ती साठ अंशांची काठी माझ्या कपाटावर आहे. कोणाला हात लावून बघायची असेल तर रविवारी सकाळी घरी या. चहा आमच्याकडून.

पंचवीस वर्षं एका आवारात आपण नांदलो, पुढंही असंच नांदू.