बंगालच्या उपसागरातली रेघ

१९७०च्या भीषण चक्रीवादळानंतर सुंदरबनच्या दक्षिणेला, हरियाभंगा नदीच्या मुखाशी, एक छोटं बेट दिसू लागलं. आपण त्याला न्यू मूर म्हटलं, बांगलादेशानं दक्षिण तालपट्टी. वस्ती तिथे कधीच नव्हती. पण बेट ज्याचं, त्याचा समुद्रावरचा दावा बळकट. आणि या समुद्रात मासळी आहे, तळाशी वायूची आशा आहे. १९८१ मध्ये तर या बेटावरून तणाव चांगलाच वाढला.

चर्चेच्या फेऱ्या झाल्या, तोडगा निघाला नाही. २००९ मध्ये बांगलादेश समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कायद्याखाली लवादाकडे गेला. त्याच सुमारास बेट पाण्याखाली गेलं. २०१० मध्ये कोलकात्याच्या शास्त्रज्ञांनी तसं जाहीर केलं. वाद मात्र जिवंत होता.

७ जुलै २०१४ रोजी निकाल आला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी जवळपास १९,५०० बांगलादेशाला मिळाले. बेटाची जागा आपल्या बाजूला राहिली, बाकी बरंच गेलं. तरीही भारतानं निकाल स्वीकारला. मला हा मोठेपणा वाटतो, आणि शहाणपणही: रेघ पक्की झाल्यावरच तेलकंपन्या येतात, तटरक्षकांना आपली हद्द कळते.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. दोनच वर्षांनी, जुलै २०१६ मध्ये, दक्षिण चिनी समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूनं लवादाचा निकाल लागला. चीननं तो धुडकावला. तिथल्या पाण्यात फिलिपिनी नौकांवर आजही चिनी जहाजांतून पाण्याचे फवारे सोडले जातात.