खुराचं दुखणं गव्हाणीतून येतं



गाय लंगडली की आपण काटा शोधतो. काटा नसला तर ‘खुरकूत असेल’ म्हणतो आणि वाट बघतो. आज आम्ही बोलणार आहोत त्या दुखण्यात ही वाट बघणंच महागात पडतं. डॉक्टर त्याला लॅमिनायटिस म्हणतात. खुराच्या कवचाच्या आतलं, हाडाला धरून ठेवणारं मांस सुजतं. कवच ताणत नाही, म्हणून ठणका भयंकर.

लाळ्या खुरकुतात ताप, तोंडात फोड, लाळ. इथे तोंड स्वच्छ असतं. गाय पाठीला बाक काढून उभी राहते, पाय जपून टाकते, भार सारखा बदलते, कधी गुडघे टेकून खाते. खूर हाताला गरम लागतं. दुखणं जुनं झालं की खुरावर आडव्या वळ्या पडतात.

मूळ बहुतेक वेळा गव्हाणीत सापडतं. गाय व्याली, दूध वाढावं म्हणून भरडा आणि गोळीपेंड एकदम वाढवली. नाहीतर लग्नातला उरलेला भात, चपात्या पाटीभर ओतल्या. पुण्य गाईच्या खुरावर निघतं! कोठीपोटात आम्ल साठतं आणि त्याचा विषार रक्तातून खुरापर्यंत जातो. मळणीनंतर रानात सांडलेला मका भरपेट खाल्लेल्या मेंढरांचंही हेच होतं.

आणखी एक. दुधाला फॅट कमी लागली की आपला पहिला संशय डेअरीच्या यंत्रावर. तो घ्याच, पण घरी गाय रवंथ करते का, शेण पातळ आहे का, तेही बघा. पोट आंबलं तरी फॅट उतरते.

२०१२-१३ आणि २०१९ च्या दुष्काळात माण, आटपाडी, जतच्या छावण्यांत जनावरांनी ऊस खाऊन दिवस काढले. तेव्हा इलाज नव्हता. पण उसातली साखर पोटात लवकर आंबते. घरी कडबा असताना नुसत्या उसावर जनावर ठेवू नका.

आधी कडबा, मग भरडा. भरडा वाढवायचा तो दोन-तीन आठवड्यांत थोडा थोडा, दिवसातून तीन-चार वेळा विभागून. सुक्या हिशेबाने निम्मा तरी चारा हवा. जास्त दुधाच्या गाईला डॉक्टरांना विचारून दिवसाला १५०-२०० ग्रॅम खाण्याचा सोडा. वर्षातून दोनदा खुरं साळून घ्या. कोब्यावर चोवीस तास बांधू नका.

जनावराने धान्याचं पोतं फोडून खाल्लं तर लंगडण्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. लंगडत असेल तर भरडा बंद, मऊ मातीत बांधा, पाणी आणि कडबा तोंडाशी द्या. बाजाराला चालवत नेऊ नका.