बैठका बंद करण्याआधी

  हुबळी-धारवाडात जमलेल्या डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक मित्रहो, गुडघ्याच्या वाटीविषयी थोडं बोलतो. खो-खोत चौकोनात दबा धरून बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच उसळून सुटतो, तेव्हा दुमडलेल्या गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरानं दाबली जाते. कबड्डीत चढाई करणारा आणि तालमीतला मल्ल यांच्या वाटीलाही असाच भार येतो. ती दुखू लागली की ठरलेला सल्ला मिळतो : बैठका बंद, महिनाभर आराम. माझ्या मते हा सल्ला बहुतेकदा खेळाडूला मागेच नेतो. आरामानं दुखणं दबतं, पण मांडीचे आणि खुब्याचे स्नायूही ढिले पडतात, आणि परतल्यावर तोच भार कमजोर पायावर येतो.

भार तोडायचा नसतो, बेतानं द्यायचा असतो. अर्ध्या बैठकीनं सुरुवात करावी. दुखणं सोसवेल इतपत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी वाढलं नाही, तर आणखी खाली जावं. खुबा आणि गुडघा दोन्हींचे व्यायाम एकत्र करावेत, अशी तज्ज्ञांची २०१८ची आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. टेप किंवा बुटातला आधार सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरता, तोही व्यायामाच्या जोडीनं. कुणी म्हणेल, स्पर्धा तोंडावर आहे, दुर्बिणीनं आत साफसफाई करून टाका. फिनलंडमध्ये ५६ रुग्णांवर हे पडताळून पाहिलं गेलं, निष्कर्ष २००७ साली आले. एका गटाला शस्त्रक्रिया आणि व्यायाम, दुसऱ्याला फक्त आठ आठवड्यांचा घरचा व्यायाम. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले होते.

वाटी निसटणाऱ्या गुडघ्याबाबत मात्र आक्षेपात दम आहे. हाडाचा तुकडा सांध्यात सुटला असेल किंवा वाटी वारंवार निसटत असेल, तर सर्जनकडे पाठवायला उशीर नको. पण पहिल्याच वेळी सरसकट शस्त्रक्रिया कशाला? २००४च्या एका अमेरिकी अभ्यासात पहिल्यांदा वाटी निसटलेल्यांपैकी १७ टक्क्यांनाच दोन ते पाच वर्षांत पुन्हा तो त्रास झाला. ज्यांची आधीही निसटली होती त्यांच्यात हे प्रमाण ४९ टक्के होतं. उरतो व्यवहाराचा प्रश्न : कलघटगी-कुंदगोळसारख्या गावांतला खेळाडू दर आठवड्याला धारवाडला कसा येणार? फिनलंडमधला व्यायाम घरीच झाला होता. इथं तो मैदानावर रोज नजर ठेवणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती द्यावा लागेल. म्हणून दुपारच्या सत्रात प्रशिक्षकांनी व्यायाम करून दाखवायचे आहेत, आणि आपण डॉक्टरांनी फक्त चुका काढायच्या आहेत.